नको

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाला आपला एक शब्द रोज रस्त्यात भेटतो. रिक्षावाला, भाजीवाली, बँकेतला शिपाई, सगळ्यांच्या तोंडी 'नक्को'. दखनीने तो मराठीतून उचलला, क जरा ठासून म्हटला आणि घरचाच करून टाकला. "चाय पीते?" "नक्को भाई." बोलणाऱ्याला संकोच नाही, ऐकणाऱ्याला राग नाही. आणि मी, तो शब्द ज्या भाषेतून गेला तिच्यात वाढलेली बाई, वयाच्या 56व्या वर्षापर्यंत तो आपल्या माणसांपुढे सरळ उच्चारू शकले नव्हते.

आमचं घर काचीगुड्यात. आजोबा निजामाच्या काळात परभणीहून इकडे आले. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही इथेच राहिलो. आजी इतकी वर्षं इथे राहूनही मराठीखेरीज काही बोलायची नाही. तिची दुभाषी मी, सात-आठ वर्षांची.

एका ईदेला शेजारच्या खाला शीरखुर्म्याचा वाडगा घेऊन दारात आल्या. आजी आतून म्हणाली, "सांग त्यांना, त्यांच्या हातचं आपल्याला चालत नाही." मी वाडग्याकडे पाहिलं, खालांकडे पाहिलं आणि म्हटलं, "दादी का उपास है." खाला हळहळल्या. उपासाला काय चालतं ते मला विचारून गेल्या. त्यानंतर दर एकादशीला, तिथी कुठून काढत कोण जाणे, आमच्याकडे केळी आणि खजूर येऊ लागले. फळांना आजीची हरकत नव्हती. "बाई मायाळू आहे हो," म्हणत ती केळं सोलायची. आजी गेली त्या वर्षापर्यंत हे चाललं. त्या खोट्याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही. फक्त त्यातून मी जे शिकले ते फार पक्कं शिकले. दोघांच्या मध्ये उभं राहायचं आणि दोन्हीकडची धार बोथट करायची. पुढे मध्ये उभं राहायला कुणी नसलं तरी मी तेच करत राहिले. स्वतःच्या मनातलं बोलायच्या आत त्याचं मऊ भाषांतर तयार असायचं.

आई नऊ वर्षं माझ्याजवळ आहे. तीन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण रात्री ती एकटी उठू शकत नाही. दोन-तीनदा तरी मला उठावं लागतं. दादा पुण्यात. तो दर रविवारी फोन करायचा. "आई कशी आहे?" "छान आहे." "तू?" "मी पण." महिन्याचे पैसे तो न चुकता पाठवत असे, आणि त्याला कळत नाही म्हणून मी आतल्या आत चिडत असे. त्याला कळावं असं एकही वाक्य मी बोलले नव्हते, हे माझ्या गावीही नव्हतं.

मग एका रविवारी "तू?" असं त्याने विचारलं आणि माझा बांध फुटला. ऑपरेशनच्या वेळी तो चार दिवसांत परत गेला इथपासून वहिनीच्या हिऱ्याच्या कुड्यांपर्यंत सगळं काढलं. "पैसे फेकले की मुलगा होता येत नाही" असंही म्हणाले. बोलून झाल्यावर अर्धा तास मला फार बरं वाटलं, हे लपवून काय करू? 'मी बाबा तोंडावर बोलतो' असं अभिमानाने सांगणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना तो अर्धा तासच हवा असतो, अशी मला शंका आहे. दादाचा फोन सहा आठवडे आला नाही. पैसे मात्र आले.

त्याच दिवसांतली गोष्ट. आईला सांभाळायला दिवसा एक बाई येतात. घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी दखनी. एका सकाळी आईने हट्ट धरला, आजच केस धुवायचे. बाई तिची वेणी सोडवत होत्या. हात तसाच चालू ठेवून म्हणाल्या, "आज सर नक्को अम्मा. मेरी कमर पकड़ लीए. कल सुबू धोतूं." आई "बरं" म्हणाली. विषय संपला. मी दारात चहाचा कप घेऊन उभीच राहिले. मी असते तर? आधी पाणी गरम नाही म्हटलं असतं, मग तुला सर्दी होईल म्हटलं असतं, शेवटी कमरेला पट्टा बांधून केस धुतले असते आणि दुपारभर कुणाशी बोलले नसते.

मराठीत सभ्य नकार म्हणजे 'जमणार नाही'. त्यात आपली इच्छा कुठेच नसते. परिस्थिती नाही म्हणते, आपण फक्त निरोप सांगतो. 'बघते' हा त्याचा धाकटा भाऊ. 'नको' तसा नाही. त्यात 'मला' लागतंच. आणि हा शब्द आपण बायकांच्या बाबतीत भलत्याच कामाला लावला आहे. मुलीवर मुलगी झाली की तिचं नाव 'नकोशी' ठेवायची रीत होती. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेंहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. जो शब्द बाईचं नाव होऊ शकतो तो बाईने उच्चारायचा, म्हणजे जीभ अडखळणारच.

मी दादासाठी कागदावर लिहून काढलं. पहिला मसुदा दोन पानांचा होता. 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्द खोडले. वहिनीच्या कुड्या खोडल्या. उरल्या चार ओळी. मग मीच फोन केला.

"दादा, त्या दिवशी पैशांवरून जे बोलले ते चुकीचं होतं. बाकीचं मला नीट सांगायचं आहे. जून ते ऑगस्ट आईला तू ने."

"का गं? तब्येत बरी नाही का?"

केवढी सोपी पळवाट! 'हो, बीपी वाढलंय' म्हटलं असतं तर तो त्याच आठवड्यात आला असता. आणि मी पुन्हा दारात वाडगा घेऊन उभी.

"तब्येत ठीक आहे. रेटलं तर जमेलही. पण मला नको आहे, दादा. तीन महिने नको."

पलीकडे बराच वेळ शांतता. ती मी भरून काढली नाही, एवढंच त्या दिवशी मला साधलं. मग तो म्हणाला, "मला भीती वाटते. तिला उचलताना माझ्या हातून पडली तर? दवाखान्यात त्या वेळी मी म्हणून पळालो." आमच्या साठीच्या आसपासच्या आयुष्यात त्याने मला पहिल्यांदा असं काही सांगितलं असावं. मी म्हटलं, "उचलायचं कसं ते बाई दाखवतील. दोन दिवस आधी ये."

आईला सांगणं उरलं होतं. ते मी आठवडाभर टाळलं. शिकलेलं लगेच अंगी लागत नाही. शेवटी सांगितलं तेव्हा ती गादीची किनार चाचपत राहिली.

"म्हणजे मी तुला नको झाले."

एरवी मी घाईघाईने 'काहीतरीच काय' म्हटलं असतं. पण तिने प्रश्न खराच विचारला होता. मी तिच्याजवळ बसले.

"तू नको नाहीस. रात्री उठणं मला नको झालंय. मग सकाळी मी तुझ्यावर खेकसते. तेही नको झालंय."

"खेकसतेस खरी," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते थांबवण्यासाठी मला काही बोलता आलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्याच्याकडे मऊ भात कोण करेल?" मी म्हटलं, माहीत नाही, विचारायला हवं.

दादा दोन दिवस आधी आला. बाईंनी त्याला काखेत हात कसा घालायचा ते दाखवलं. तो घामाघूम झाला होता, आणि आई त्यालाच धीर देत होती.

पुण्याला गेल्यावर चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"कशी आहेस?"

"बरी आहे. पण खोलीतला पंखा रात्रभर कुरकुरतो गं. आणि वरणाला मिरची फार. तू सांग ना त्याला."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, नेहमीचं, गोड, दोघांनाही न लागणारं.

"तूच सांग, आई. तो शेजारच्याच खोलीत आहे."

ती जरा फुरंगटली. मग फोन तसाच चालू ठेवून तिने त्याला हाक मारली. त्याची पावलं ऐकू आली तेव्हा मी फोन ठेवला.