टेकाडावरचं गाव

औंधच्या ब्रेमेन चौकात सिग्नलला थांबणाऱ्या बहुतेकांना ब्रेमेन हा कुणी जर्मन शास्त्रज्ञ वाटत असावा. चौकाला नाव आहे ते उत्तर जर्मनीतल्या एका शहराचं. वेझर नदीकाठचं हे ब्रेमेन गेली कित्येक वर्षं पुण्याचं मित्र आहे. या मैत्रीपायी मी एकदा त्या शहराचा नकाशा उघडून बसलो आणि त्यातून ही पायपीट निघाली.

ब्रेमेनची गोष्ट नकाशावर दोन मिनिटांत कळते. वेझरच्या सखल, दलदलीच्या पूरमैदानात नदीला समांतर वाळूचं एक लांबट टेकाड आहे. माणसं त्या टेकाडावर राहिली. सगळ्यांत उंच जागा चर्चनं घेतली. खाली बाल्गे नावाचा नदीचा एक फाटा वाहत होता, त्यात नावा लागू लागल्या. ७८२ साली गावाचा पहिला लेखी उल्लेख येतो, ७८७मध्ये राजा शार्लमेनच्या आज्ञेनं विलेहाड तिथला बिशप होतो, आणि पुढे व्यापारी संघ, महापौर, टाऊन हॉल हे सगळं त्या वाळूवर उभं राहतं. बाल्गे एकोणिसाव्या शतकात बुजवली. आज तिच्यावरून लोक चालतात.

मग पुण्याचं टेकाड कुठलं? आमच्याकडे पुण्याचा इतिहास म्हटलं की गाडी थेट शनिवारवाड्यापाशी येऊन थांबते, फार तर लाल महालापर्यंत मागे जाते. त्याआधीचं गाव इथंच कुठेतरी पायांखाली आहे. ते चढ-उतारांवरून आणि पाण्यावरून शोधायचं ठरवून मी रविवारी सकाळी मनपाची बस पकडली.

बस विद्यापीठ चौक ओलांडून शिवाजीनगरला आली. हे मूळचं भांबुर्डे, मुठेच्या डाव्या काठावरचं वेगळं गाव. उतरून जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरात शिरलो. पुण्यातली सगळ्यांत जुनी वास्तू पुण्यात नाही, नदीपलीकडे भांबुर्ड्यात आहे, याचं मला नेहमीच बरं वाटतं.

आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं हे लेणं. लेणी म्हटल्यावर आपण मान वर करतो. कार्ले-भाजे डोंगराच्या कड्यात आहेत. इथं मान खाली घालावी लागते. रस्त्याच्या पातळीवरून पायऱ्या उतरून खडकात खणलेल्या अंगणात यायचं. मधोमध गोल छताचा नंदीमंडप, जाडजूड चौकोनी खांबांवर तोललेला, आणि पलीकडे अंधाऱ्या सभागृहात शिवलिंग. काम अर्धवट सुटलेलं स्पष्ट दिसतं. भिंतींवर कोरायला घेतलेलं आणि तसंच सोडलेलं बरंच काही आहे. खाली का खणलं याचं उत्तर त्या अंगणात उभं राहिलं की मिळतं. मुठेच्या खोऱ्यात कडाच नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा इथं जवळजवळ सपाट पडून आहे, वर हातभर माती आणि खाली काळा बेसॉल्ट. कोरायचं तर खालीच जायला हवं. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या कारकिर्दीशी जोडलं जातं त्या पहिल्या कृष्णाचाच हा काळ. तिथंही कारागीर वरून खाली उतरले, पण त्यांना डोंगर मिळाला होता. पुण्याच्या कारागिरांना मिळालं माळरान.

याच कृष्णराजाच्या ताम्रपटांत पुण्याचं नाव पहिल्यांदा भेटतं. एक ७५८ सालचा, दुसरा ७६८चा. दुसरा तळेगाव ढमढेऱ्याला सापडला. राजा गंगवाडीच्या स्वारीवर, म्हणजे आजच्या कर्नाटकात तळ ठोकून होता आणि तिथून त्यानं ‘पूनक विषया’तली जमीन दान दिली. विषय म्हणजे जिल्ह्यासारखा मुलूख. दान दिलेल्या जमिनीच्या सीमा सांगताना थेऊर येतं, मुळा नदी येते. कुणा राजपुत्राचा जन्म किंवा लढाई नव्हे, शेताचे बांध सांगणारा दस्तऐवज. तलाठ्याच्या दप्तरात शोभेल असा. आणि हाच ७६८चा सुमार साधून तिकडे शार्लमेन गादीवर आला. ब्रेमेनचं नाव कागदावर यायला अजून चौदा वर्षं होती. पुणेकराला असलं गणित करायला फार आवडतं, म्हणून करून ठेवतो.

पाताळेश्वरातून न्यायालयाच्या बाजूनं संगमाकडे निघालो. संगम पुलावर वाऱ्याला चांगलाच वास होता. उजवीकडून मुठा, डावीकडून मुळा, दोघींच्या अंगावर जलपर्णीची हिरवी गोधडी. दोन्ही सह्याद्रीच्या माथ्यावरून येतात, इथून एकत्र पूर्वेला भीमेकडे आणि भीमेतून कृष्णेकडे जातात. म्हणजे इथं टाकलेली निर्माल्याची पिशवी अरबी समुद्रापासून शंभरेक किलोमीटरवर असूनही बंगालच्या उपसागराकडे निघते. पुण्याचं खरं भाग्य या दोन नद्यांच्या उगमात आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. घाटाचं पाणी नदीतून आयतं येतं, घाटाचा चिखल आणि कुजट दमट हवा मात्र तिकडेच राहते. कोकणातून बोरघाट चढून आलेल्या बैलाला पहिला कोरडा, पाणीवाला मुक्काम मिळायचा तो या बाजूला.

एक गोष्ट मला इथं नेहमी खटकायची. नद्यांचा संगम म्हणजे पवित्र जागा, मग गाव संगमावर का नाही? पुलावर उभं राहून दोन्हीकडचे काठ पाहिले तेव्हा माझ्यापुरतं उत्तर मिळालं. पावसाळ्यात दोन नद्या एकदम फुगल्या की पाणी इथंच तुंबणार. संगमावर देव राहिले, घाट झाला, आणि पुढे परके राहिले. १७८६ला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुण्यात आला, त्याची रेसिडेन्सी इथंच उठली. ५ नोव्हेंबर १८१७ला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, ती जळाली. गाव मात्र शहाणपणानं मुठेच्या काठानं थोडं वर, उजव्या हाताच्या उंचवट्यावर जाऊन बसलं.

कामगार पुतळ्यावरून डेंगळे पुलावर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. पुलावरून खाली पाहिलं तर पात्रात काळ्या दगडाच्या आडव्या फण्या दिसतात. उन्हाळ्यात असल्या जागेतून माणूस घोटाभर पाण्यात पलीकडे जातो. नदी ओलांडायची सोय जिथं, तिथं जकात, तिथं बाजार, तिथं गाव. पूल उतरताच कुंभार वेस. वेशीचा दरवाजा कधीच गेला, कुंभार आहेत.

कुंभारवाड्यात एक मावशी दारातच पणत्या उन्हात मांडत होत्या. ‘माती नदीची का हो?’ म्हणून विचारलं.

‘नदीची कुठली आता? ट्रकनं येते.’ मग माझ्या बुटांकडे पाहून म्हणाल्या, ‘कसब्यात चाललात का? हितनं वर चढा, सरळ.’

वर चढा. मला हवा तो शब्द आयता मिळाला. पानशेतचं विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘सासूबाई सांगायच्या. भांडी तशीच टाकून समदी कसब्यात पळाली.’ १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या लोंढ्यानं खडकवासल्याचंही गेलं आणि मुठेचे पूल पाण्याखाली गेले. नारायण, शनिवार, काठालगतच्या सगळ्या पेठा बुडाल्या. त्या दिवशी जीव मुठीत धरून माणसं ज्या बाजूला धावली ती पुण्याची सगळ्यांत जुनी वस्ती, हा योगायोग नव्हे. पहिल्या गावकऱ्यांनी पूर पाहूनच ती जागा निवडली असणार.

कुंभार वेशीतून कसब्याकडे जाणारा रस्ता खरोखरच चढतो. दुचाकीवरून जाताना हे कळत नाही, पायांना कळतं. वर पोचल्यावर तीन बाजूंना उतार. उत्तरेला मुठा, पूर्वेला नागझरी, आणि पश्चिमेला एके काळी आंबिल ओढा. तीन पाण्यांमध्ये उचललेली ही जमीन म्हणजे मूळ पुणं. इथल्या जमिनीखाली सातवाहन काळातली खापरं मिळाली आहेत, म्हणजे ताम्रपटाच्याही आधीपासून इथं चूल पेटत होती.

नदीच्या उंच काठावर पुण्येश्वर आणि नारायणेश्वर अशी दोन शिवालयं होती, असं पुण्याचे जुने इतिहासकार सांगतात. त्या जागी आज धाकटा शेख सल्ला आणि थोरला शेख सल्ला हे दर्गे आहेत. कसब्याला मातीचा कोट घातला तो बऱ्या अरब नावाच्या सरदारानं, अशी परंपरा आहे. त्याला पांढरीचा कोट म्हणत. पांढरी म्हणजे गावठाण, काळी म्हणजे शेत; कोटाच्या आत पांढरी, बाहेर काळी. कुंभार वेस आणि केदार वेस ही त्याचीच दारं. केदारेश्वराचं देऊळ आजही आहे, चारी बाजूंनी घरांनी इतकं वेढलेलं की देवालाही खिडकी उघडून बाहेर पाहावं लागत असेल.

याच गावावर १६३०च्या सुमारास विजापूरकरांचा मुरार जगदेव चालून आला. त्यानं गाव जाळलं, कोट पाडला आणि गाढवांचा नांगर फिरवला. दख्खनमध्ये तेव्हा भीषण दुष्काळ होता. म्हणजे जळलेल्या गावात परत येऊन पेरायला बी-बैलही नसणार. नंतर जिजाबाई आणि बाल शिवाजी इथं आले, सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरला, कसबा गणपती आणि लाल महाल उभे राहिले. हे प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ आहे, म्हणून मी आजच्या लाल महालासमोरून न थांबता पुढे गेलो. शिवाय ती इमारत १९८०च्या दशकातली. मला विचार पडतो तो निराळाच: पडीक गाव वसवायचं तर कुठंही वसवता आलं असतं, तरी सगळे परत याच उंचवट्यावर आले. नांगरानं घरं जातात, चढ जात नाही.

कसब्यातून पूर्वेला उतरलं की नागझरी. आता तिला नाला म्हणतात आणि पुलाचे कठडे इतके उंच केलेत की पाणी दिसू नये. वास लपत नाही. पलीकडे सोमवार पेठ, जुनी शहापुरा. इथलं नागेश्वराचं देऊळ आणि ओढ्याच्या काठाचं त्रिशुंड गणपतीचं काळ्या दगडाचं मंदिर पाहण्यासारखं. १७५४मध्ये भीमगीरजी गोसाव्यानं ते बांधायला घेतलं. गाव मोठं होऊन ओढा ओलांडून गेलं, ते या बाजूला. रविवार पेठेचं जुनं नाव मलकापूर, मंगळवारचं अष्टपुरा, आणि बुधवार पेठेला औरंगजेबानं मुहियाबाद असं नाव ठेवलं होतं. वारांची नावं नंतरची. एका मिसळीच्या दुकानात बसून मी ही नावं वहीत उतरवली. मिसळ बेताची होती. दुकानाचं नाव सांगत नाही, पुण्यात जगायचं आहे.

पश्चिमेचा आंबिल ओढा मात्र शोधूनही सापडणार नाही. कात्रजच्या डोंगरातून निघून तो आजच्या भरवस्तीतून वाहत शनिवारवाड्याच्या बाजूला मुठेला मिळे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, शहराला पाणी हवं होतं आणि जागाही. कात्रजला तलाव बांधून नळानं पाणी वाड्यांच्या हौदांत आणलं. पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून तलाव केला, त्याच्या जागी आता सारसबाग आहे. ओढ्याला पश्चिमेकडे वळवून दूर वरच्या अंगाला मुठेत सोडलं. त्याच्या रिकाम्या पात्रावर आणि दोन्ही काठांवर पेठा पसरल्या. ब्रेमेननं बाल्गे बुजवली, आम्ही ओढा उचलून बाजूला ठेवला. त्या काळाचं ते फार मोठं काम होतं आणि मला त्याचं कौतुकच आहे.

शेवटी पायी पर्वतीच्या पायथ्यावरून दांडेकर पुलाशी आलो. हाच तो हलवलेला ओढा. एरवी पायरीखालून जाईल एवढी धार, दोन्ही बाजूंना पाण्यापर्यंत घरं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या बाजूला जोरदार पाऊस कोसळला आणि या ओढ्यानं अरण्येश्वर, सहकारनगर ते इथपर्यंत भिंती फोडल्या, गाड्या एकमेकींवर चढवल्या. वीसहून अधिक माणसं गेली. नकाशात बारीक निळी रेघ असलेल्या ओढ्याची ही ताकद. पात्र आवळलं की पाणी उंची वाढवतं, त्यात गूढ काही नाही. नागझरी कठड्याआड दडवायची, मुठेत भराव टाकायचा, आणि दर पावसाळ्यात ‘अनपेक्षित’ हा शब्द वापरायचा, हे मात्र मला समजत नाही. कसब्यात पहिली चूल मांडणाऱ्याकडे ना मोजमाप होतं ना नकाशा, तरी त्यानं एवढं पाहून ठेवलं होतं.

पुलाच्या टोकाला टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याला विचारलं, त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं. त्यानं किटली खाली ठेवली, बाहेर आला आणि भिंतीवर आपल्या डोक्याच्याही वर हात टेकवून दाखवला. मी वही काढली तसा तो सावध झाला.

‘सरकारी माणूस का?’

‘नाही हो. असाच, गाव बघत फिरतोय.’

‘मग ठीक आहे,’ तो म्हणाला. ‘पण लिहिणार असाल तर नीट लिहा. नदीचं पाणी नव्हतं ते. ओढ्याचं होतं.’