जमा आणि नावे

आमच्या आजीच्या तोंडी एक वाक्य नेहमी असे. घरातील एखादी वस्तू हरवली आणि ती परत मिळण्याची आशा उरली नाही, म्हणजे ती म्हणे, "भडोच गेले तसे गेले, आता शोधू नका." दौलतगंजातील आमच्या जुन्या घरातून चष्मे, फुलपात्री, एकदा तर दुभती म्हैससुद्धा अशी भडोचच्या वाटेने गेली. भडोच हे गावाचे नाव आहे हे आम्हांस शाळेत गेल्यावर कळले, आणि ते गाव एके काळी शिंदे सरकारचे होते हे त्याहूनही उशिरा. घराण्यातील कोणी पूर्वज तेथील कचेरीत कारकून होते आणि नेसत्या वस्त्रांनिशी उज्जैनीस परतले, एवढीच कथा उरली आहे. कागद एकही नाही.

या आजीची आठवण मुंबईच्या टाउन हॉलमध्ये व्हावी, हा योग चमत्कारिकच म्हणायचा. काही वर्षांपूर्वी धाकट्या चिरंजिवांकडे गेलो असता एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय पाहण्याची हौस धरली. त्या प्रसिद्ध पायऱ्यांनी गुडघ्यांची पुरेशी परीक्षा घेतली. वर संगमरवरी पुतळ्यांची मांदियाळी. त्यांतील दोघे आपल्या चांगल्याच ओळखीचे. 1803 साली असईच्या रणात जनरल वेलस्लीच्या सोबत होता तो एल्फिन्स्टन. पुढच्याच वर्षी दौलतराव महाराजांशी तहाची कलमे ठरवीत होता तो माल्कम. त्यांच्याच पंक्तीला तिसरे एक गृहस्थ होते, सर चार्ल्स फोर्ब्स. हे ना गव्हर्नर, ना सेनापती. हे व्यापारी.

व्यापाऱ्याचा पुतळा कोणी आणि का उभारला, ही जिज्ञासा आम्हांस घरी स्वस्थ बसू देईना. कोषालयात उभा जन्म गेलेल्या माणसास पैशाचा माग काढल्याशिवाय झोप येत नाही.

फोर्ब्स स्कॉटलंडमधील एका पाद्र्याचा मुलगा. ॲबर्डीन येथे शिकला आणि ऐन तारुण्यात मुंबईस आला. त्याच्या चुलत्याने, जॉन फोर्ब्स याने, 1767 साली काढलेली पेढी तेथे होतीच. पुढे चार्ल्स तिचा प्रमुख झाला. गुजरातचा कापूस चीनला पाठवावा, ही त्या काळच्या मुंबईकर इंग्रज व्यापाऱ्यांची मुख्य मिळकत, आणि फोर्ब्सची पेढी त्यांत अग्रगण्य. सचोटीबद्दल त्याचा लौकिक मोठा. विलायतेस परतल्यावर तो 1812 पासून 1832 पर्यंत पार्लमेंटात बसला. त्यांतील शेवटची चौदा वर्षे माम्सबरी नावाच्या गावातर्फे, जेथे मतदार अवघे 13 होते. असल्या जागा कशा मिळत हे आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. परंतु अशा वाटेने आत शिरलेला हा माणूस तेथे बोलला काय, हे पाहण्यासारखे आहे. पक्षाने टोरी असूनही कॅथलिकांच्या हक्कांच्या बाजूने त्याने मत दिले. 1831 साली त्याने विचारले, की कंपनीच्या संचालकांच्या निवडणुकीत भागधारक स्त्रियांस मत देता येते, तर पार्लमेंटच्या निवडणुकीत का नसावे? आणि हिंदुस्थानास न्याय द्या, ही मागणी तर त्याने पार्लमेंटात आणि कंपनीच्या भागधारकांच्या सभेत वर्षानुवर्षे लावून धरली. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांस 1839 साली पदच्युत केले, तेव्हा रंगो बापूजी त्यांची कैफियत घेऊन लंडनला गेले. त्या परक्या शहरात महाराजांचा पक्ष घेणाऱ्या मोजक्या इंग्रजांत हे वृद्ध फोर्ब्स होते. पक्ष हरला, महाराज 1847 साली काशीस निवर्तले. उतारवयात फोर्ब्सने हिंदी लोकांस बारमाही स्वच्छ पाणी मिळावे म्हणून मोठी रक्कम काढून ठेवली. तिघऱ्याची पातळी उतरली की ज्यांचा जीव खालीवर होतो, त्या ग्वाल्हेरकरांस या देणगीचे मोल निराळे सांगणे नलगे.

फोर्ब्स मुंबई सोडून गेल्यावर सत्तावीस वर्षांनी इथल्या लोकांनी 9,000 पौंड वर्गणी जमवून सर फ्रान्सिस चँट्रीकडून त्याचा पुतळा घडवून घेतला. मुलकी वा लष्करी चाकरीत नसलेल्या माणसाचा हिंदी लोकांनी उभारलेला हा पहिला पुतळा, अशी नोंद आहे. सत्ता गेलेल्या, किंबहुना कधी नसलेल्या माणसासाठी लोक खिशात हात घालतात तेव्हा त्यात खुशामत फार नसते, असे आमचे मत आहे.

येथवर जमेची बाजू झाली. नावेची बाजू अशी. 1803 साली मुंबई सरकारची तिजोरी खडखडीत होती, आणि आपल्याशी झालेल्या युद्धाच्या त्या काळात ते सरकार फोर्ब्स व ब्रूस फॉसेट यांसारख्या पेढ्यांच्या कर्जावर उभे होते. कापूस पिकविणाऱ्या गुजरातेत इंग्रजांचा अंमल वाढावा, हे या पेढ्यांच्या सोयीचेच होते. त्या कापसाचे मोठे ठिकाण भडोच. सालबाईच्या तहाच्या वेळी, 1782 साली, इंग्रजांनीच ते महादजी महाराजांस दिले होते. 29 ऑगस्ट 1803 रोजी ते त्यांनी काढून घेतले आणि वर्ष संपता संपता सुर्जी-अंजनगावच्या तहाने कायमचे गेले. दौलतराव महाराजांची छावणी ग्वाल्हेरीस येऊन लष्कर वसले ते पुढे 1810 साली, आणि आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचे बिऱ्हाड तिच्यामागून आले.

म्हणजे प्रतापसिंह महाराजांसाठी झटणारा आणि आमच्या अनामिक कारकून पूर्वजास भडोचेतून हाकलणाऱ्या सरकारास पैसा पुरविणारा, एकच. साताऱ्याचा कैवार घेताना त्याला 1803 आठवत असेल का? ढोंगी म्हणावे तर म्हातारपणची ती वर्षे आड येतात. त्यांत त्याला मिळण्यासारखे काहीच नव्हते. थोर म्हणून हात जोडावे, तर आजी आड येते. सेवेत असताना दोन्ही बाजूंचा मेळ लागेपर्यंत आम्ही वही मिटत नसू. ही वही मात्र अजून उघडीच आहे.

परतल्यावर हे सारे आमच्या थोरल्या आक्कास सविस्तर सांगितले. आजीचे ते वाक्य आता तिच्या एकटीच्याच तोंडी उरले आहे. तिने शेंगा सोलता सोलता सगळे ऐकून घेतले, पाण्याच्या देणगीस मान डोलावली, आणि एवढेच विचारले, "कर्ज दिलं होतं ना रे त्यानं? मग ते फेडलं कुणाच्या वसुलातून?"

भडोचचा वसूल त्या वर्षापासून कंपनीच्या खात्यात जमा होऊ लागला होता, हे आम्ही तिला सांगितले.