पदरी घेतलेल्या लेकराची वकिली

ज्याचा पाय अधू आहे त्या मुलास कोणी धाव म्हणत नाही, आणि ज्यास डोळ्यांनी दिसत नाही त्यास फळ्यावरचे वाच म्हणून कोणी दरडावत नाही. परंतु काही मुलांचे अपंगत्व असे असते, की ते अंगावर कोठेच दिसत नाही. मूल धडधाकट, हसतेखेळते, बोलण्यात चुणचुणीत. मात्र पुस्तक समोर आले की अक्षरे त्याच्याशी वैर धरतात. अशा मुलास लोक अपंग म्हणत नाहीत, आळशी म्हणतात. ते दत्तक असेल, तर आणखी एक शब्द हळूच पुढे येतो. तो शब्द म्हणजे रक्त.

आम्ही उभयता बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका खेड्यात राहतो. आमचा मुलगा दीड वर्षाचा असताना आमच्या पदरी आला. पूर्वी आपल्या ख्रिस्ती कुटुंबांस १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यानुसार बहुधा केवळ पालक होता येत असे. कायद्याने आईबाप होता येत नसे. २००० सालचा बालन्याय कायदा, त्यातील २००६ ची दुरुस्ती आणि पुढे २०१५ चा नवा कायदा यांनी ही उणीव भरून काढली. आता विधिपूर्वक दत्तक घेतलेले मूल सर्व बाबतींत आपलेच ठरते. कायद्याने दिले ते देऊळमाउलीने, म्हणजे आपल्या ख्रिस्तसभेने, स्नानसंस्काराच्या वेळीच दिले होते. मुलास आमचे नाव मिळाले. पण नाव दिल्याने काम संपत नाही, हे शाळेने आम्हांस दाखविले.

पहिलीत सारे ठीक चालले, कारण गाणी होती, गोष्टी होत्या. दुसरी-तिसरीत ओझे वाढले. आमच्या भागातील मराठी शाळेत मुलास मराठीसाठी देवनागरी, कन्नडसाठी कन्नड आणि इंग्रजीसाठी रोमन, अशा तीन लिप्या गिरवाव्या लागतात. कन्नड ही आमच्या शेजाऱ्यांची भाषा. ती मुलांस यावी अशीच आमची इच्छा आहे. परंतु ज्यास एकाच लिपीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांचा भेद टिकविता येत नाही, त्याची तिहेरी ओढाताण कशी होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. रविवारच्या मिस्सेतील शुभवर्तमान ऐकून तो घरी आजीस सबंध सांगे. तेच चार ओळींत लिही म्हटले, की पाटी कोरी. बाजारात सुटे पैसे बिनचूक मोजी. वहीतले गणित चुके. वर्गात त्यास उभे करून मोठ्याने वाचावयास लावीत. मुले हसत. मग सोमवार उजाडला की त्याच्या पोटात दुखू लागे.

एका हितचिंतकाने आम्हांस सांगितले, “तुम्ही फार मनाला लावून घेता. कोणाचे कोण! त्याच्या रक्तात काय आहे, ते आपणांस काय ठाऊक?” या बोलण्याचे उत्तर शांतपणे देणे अवश्य आहे. वाचनाचा हा दोष पुष्कळदा कुटुंबातून उतरतो, हे खरे. पण तो वाड्यांत जन्मलेल्या मुलांतही असतो आणि बुद्धीशी त्याचा संबंध नाही. शिवाय पोटात असताना झालेली आबाळ, मुदतीपूर्वी झालेला जन्म, पहिल्या वर्षांत न मिळालेली मायेची कूस, यांचाही वाढीवर परिणाम होऊ शकतो. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० सालापासून संशोधकांनी अनाथालयांतील बालकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. दोन वर्षांच्या आत ज्यांस कुटुंबाची कूस मिळाली, त्यांची वाढ मागे राहिलेल्यांपेक्षा पुष्कळ बाबतींत चांगली झाल्याचे त्यांस आढळले. तेव्हा कूस मिळण्याचे मोल किती, याचा विचार रक्ताची चर्चा करणाऱ्यांनी आधी करावा.

आम्ही प्रथम एक वही घातली. महिनाभर रोज दोन ओळी लिहिल्या : आज तोंडी काय आले, लेखी काय अडले, किती सूचना एकदम दिल्यावर विसरला. नंतर डोळे व कान तपासून घेतले. दोन्ही निर्दोष निघाले. आठवे वर्ष सरल्यावर धारवाडास नेऊन मानसतज्ज्ञांकडून रीतसर चाचण्या करविल्या. बुद्धी उत्तम, आणि दोषाचे नाव ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’. बोलीत ज्यास डिस्लेक्सिया म्हणतात तो. कागद हाती आला तेव्हा मुलगा म्हणाला, “म्हणजे मी ढ नाही ना?” त्या एका प्रश्नासाठी धारवाडची सारी पायपीट सार्थकी लागली.

मग शाळेत गेलो. तोंडी विनंती वाऱ्यावर जाते, म्हणून अर्ज लेखी दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. मागणे चारच होते : त्यास पुढच्या बाकावर बसवावे, सूचना एका वेळी एकच द्यावी, सर्वांसमोर वाचावयास लावू नये, आणि उत्तर तोंडी घ्यावे वा लिहिण्यास वेळ अधिक द्यावा. मुख्याध्यापकांनी म्हटले, वर्गात मुले पुष्कळ, एकास सवलत दिली तर सारेच मागतील. आम्ही म्हटले, चष्मा एकाने लावला म्हणून सारा वर्ग चष्मा मागत नाही.

कायदाही आम्ही सोबत नेला होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात २१ प्रकारची अपंगत्वे गणली आहेत आणि त्यांत हा दोष स्पष्टपणे आहे. त्याच्या १७ व्या कलमात परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलास मारणे व त्याचा मानसिक छळ करणे, दोहोंसही मनाई केली आहे. ही कलमे आम्ही आवाज न चढविता वाचून दाखविली. शिक्षक आपले वैरी नव्हेत. उद्या मूल त्यांच्याच हाती सोपवावयाचे असते.

दत्तकपणाविषयी शाळेस किती सांगावे, हाही प्रश्न आला. आमच्या मुलास ते ठाऊक आहे. परंतु ते त्याचे आहे, चव्हाट्याचे नाही. ‘तान्हेपणीचा फोटो आणा, तुम्ही घरात कोणासारखे दिसता ते लिहा’ असा गृहपाठ आला, तेव्हा आम्ही बाईंस एवढेच विनविले, की लहानपणीचा कोणताही फोटो चालेल असे साऱ्या वर्गासच सांगावे. त्यांनी तसे केले. मुलाने घरी आला त्या दिवसाचा फोटो नेला.

आमच्या बाजूने एक साक्ष आमच्याच धर्मग्रामाने दिली. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत सिस्टरांनी त्याची परीक्षा तोंडी घेतली, आणि एकही उत्तर चुकले नाही. आपले वाडवडील निरक्षर होते. त्यांनी प्रार्थना व प्रश्नोत्तरे तोंडीच शिकविली आणि श्रद्धा आपल्यापर्यंत पोचविली. मग तोंडी आलेले ज्ञान खोटे कसे?

धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मरी व्हिएनी यांस लॅटिन येईना, म्हणून त्यांस गुरुकुलातून परत धाडले होते. एक्युलीचे धर्मगुरू बाली त्यांच्यासाठी वरिष्ठांकडे शब्द टाकावयास गेले. मग ओळखीच्या जागी, गुरूच्या सान्निध्यात, पुन्हा परीक्षा झाली, आणि १८१५ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. कोणी बोलणारा नसता, तर आर्स गावास तो संत लाभला नसता.

आज आमचा मुलगा सातवीत आहे. अद्याप शुद्धलेखन चुकते, कन्नडचे पुस्तक अद्याप डोंगर वाटते. परंतु शाळेने तीन मागण्या मान्य केल्या, चौथीसाठी आम्ही दरवर्षी जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांकडे तोच कागद घेऊन जातो, आणि सोमवारची पोटदुखी गेली आहे.

वाचकहो, संत योसेफ बाळ येशूचे जन्मदाते नव्हते. तरी हेरोदाचे भय कळताच रात्रीच उठून ते बाळास घेऊन मिसर देशी गेले. हे माझे रक्त आहे काय, असे त्यांनी विचारले नाही. आपल्या घरात वा शेजारी असे अबोल सोसणारे एखादे मूल असेल, मग ते पोटचे असो वा पदरचे, त्यास आळशी म्हणण्यापूर्वी एक वही घाला, तपासणी करवा, आणि त्याचा हात धरून शाळेची पायरी चढा.