शेंगा चालतात, बटाटा का नाही?



चातुर्मास लागला की आमच्याकडे कंदमूळ बंद. तेही कांदा-लसूण मसाल्याच्या कोल्हापुरात राहून! बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा ही नावे मुलींना तोंडपाठ आहेत. यंदा धाकटीने विचारले, "आई, शेंगा पण मातीतच येतात की! मग त्या कशा चालतात?"

प्रश्न अगदी रास्त. 'कंदमूळ' म्हटले की डोळ्यांपुढे बटाटा येतो आणि मातीखालचे सगळे आपण त्याच डब्यात टाकतो. मनाची रीतच तशी. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलिनॉर रॉश यांनी १९७० च्या दशकात प्रयोगांतून हे दाखवले. आपण व्याख्या आठवत बसत नाही, एखादा ठळक नमुना धरतो. पक्षी म्हटले की चिमणी आधी आठवते, शहामृग नंतर.

तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात उमास्वामींनीही नमुने दिलेत: कृमी, मुंगी, भुंगा, माणूस. पण सोबत कसोटी दिली की प्रत्येकाला आधीच्यापेक्षा एक इंद्रिय जास्त. म्हणून शंखातला जीव कृमीसारखा दिसत नसला तरी त्याच्याच पंगतीत बसतो आणि डास भुंग्याच्या.

कंदमुळाचीही कसोटी 'मातीखाली' एवढीच नाही. ज्या एका शरीरात अनंत जीव राहतात, ती साधारण वनस्पती. बटाट्याच्या एकेका डोळ्यातून कोंब फुटतो. शेंगेचे फूल मात्र जमिनीवर येते, मग त्याच्या आऱ्या मातीत शिरतात. शेंग हे फळच. धाकटीला हे लगेच पटले.

थोरली शिकायला पुण्याला गेली आहे. मेसच्या ताटात रोज काहीतरी नवे येते आणि विचारायला आई जवळ नाही. माझी यादी तिथे कुठवर पुरणार? कारण माहीत असले तर ती स्वतः ठरवेल आणि कांदा खाणाऱ्या मैत्रिणीला कमीही लेखणार नाही.

दशलक्षण पर्वाआधी एक करून पाहा. कपिलतीर्थ मार्केटमधून आणलेली भाजीची पिशवी मुलांपुढे ओता आणि निवडायला सांगा. चूक-बरोबर नंतर बघू. प्रत्येक भाजीला आधी "का?" एवढेच विचारा.