घरकुलावर शिकायचे गवंडीकाम

गोंदिया



प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे क्षेत्रफळ किमान 25 चौरस मीटर ठरलेले आहे, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट, आणि स्वयंपाकाची जागाही त्यातच. 2016 साली सुरू झालेल्या या योजनेत मैदानी भागाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. डोंगराळ, दुर्गम आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांना 1 लाख 30 हजार, आणि गोंदिया या दुसऱ्या गटात मोडतो. रकमेची चर्चा गावोगाव होते, पण एका नियमाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. घर लाभार्थी कुटुंबानेच उभे करायचे, ठेकेदार नेमायचा नाही. नियम चांगला आहे. मात्र ज्या घरात कोणी कधी थापी हातात धरलेली नाही, त्याला तो तेवढाच जड जातो.

ही अडचण ओळखूनच योजनेत ग्रामीण गवंडी प्रशिक्षण आले. ते 45 दिवसांचे असते आणि खऱ्याखुऱ्या घरकुलावर चालते. शेवटी परीक्षा होते, उत्तीर्ण झालेल्याला प्रमाणपत्र मिळते. वर्गखोलीत बांधलेली भिंत संध्याकाळी पाडून टाकता येते, त्यामुळे तिथे चूक खपते. ज्या भिंतीच्या आड पुढे एक कुटुंब झोपणार आहे, तिथे ती खपत नाही. या शिक्षणाचा खरा कस इथेच लागतो.

शिकण्याचा क्रम घराच्या क्रमानेच जातो. आधी आखणी. दोरीने एका बाजूवर 3 फूट आणि दुसरीवर 4 फूट मोजायचे, दोन्ही खुणांमधले तिरपे अंतर बरोबर 5 फूट भरले तर कोपरा काटकोनात. शाळेत पाठ केलेले प्रमेय इथे चुना टाकून जमिनीवर उतरते. मग रेतीची परख. काचेच्या बाटलीत रेती आणि पाणी घालून हलवायचे आणि तासन्‌तास ठेवून द्यायचे. वर बसलेल्या गाळाचा थर रेतीच्या साधारण 8 टक्क्यांहून जाड दिसला, तर ती रेती धुतल्याशिवाय वापरायची नाही. विटा आधी भिजवलेल्या हव्यात. कोरडी वीट मसाल्यातले पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो. सिमेंटच्या मसाल्यात पाणी पडले की तो अर्ध्या तासात संपवायचा, घट्ट झालेल्यात पुन्हा पाणी ओतून चालवायचा नाही.

सर्वांत जास्त दिवस जातात ते ओळंब्याशी मैत्री होण्यात. पहिल्या थरात कोपऱ्याच्या विटा बसवून त्यांच्यामध्ये सुतळी ताणतात आणि मधल्या विटा त्या सुतळीला न टेकवता, तिच्या अगदी जवळून लावत नेतात. दर तीन-चार थरांनी ओळंबा सोडायचा. लाकडी ठोकळा भिंतीला टेकलेला असताना खालचा गोळा भिंतीपासून दूर राहिला तर भिंत पुढे कलली आहे, गोळाच भिंतीला अडून सुतळी तिरपी झाली तर भिंत खाली पोट काढते आहे. शिकाऊ माणूस पहिल्या आठवड्यात हे डोळ्यांनी ठरवू पाहतो आणि फसतो. एका दिवसात दीड मीटरपेक्षा उंच भिंत चढवायची नसते, खालचा ओला मसाला वरचा भार पेलत नाही. घाईत हा नियम मोडला जातो आणि त्याचा तडा महिन्यांनी गिलाव्यावर उमटतो.

पाणी मारणे हा सर्वांत दुर्लक्षित धडा. बांधकामाला निदान सात दिवस ओल हवी, स्लॅबला त्याहून जास्त. स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून पाणी साठवायचे असते, आणि जिल्ह्यातल्या कोणत्याही धान उत्पादकाला ते शिकवावे लागत नाही. बांधीत पाणी कसे धरायचे हे त्याच्या हाताला ठाऊक असते.

अभ्यासक्रमात एका गोष्टीची उणीव आहे आणि ती बोलून दाखवायला हवी. हा जिल्हा मातीचा, बांबूचा आणि कवेलूंचा आहे. सिहार, मोरंड, कन्हार, बर्डी अशी जमिनीची नावे शेतकऱ्याच्या तोंडी आहेत, पण त्यांतल्या कोणत्या मातीची भिंत वाळल्यावर तडकते आणि कोणत्या मातीत रेती की तणीस मिसळावे लागते, हे ज्ञान आजोबांबरोबर चालले आहे. कवेलूंचे छप्पर माकडे फोडतात, दरवर्षी मृगाआधी शाकारावे लागते, म्हणून लोकांनी ते सोडले. त्यात त्यांचा दोष नाही. तरीही मातीची भिंत आणि पक्के छप्पर यांचा मेळ घालता येतो.

त्यासाठी फार दूर पाहायला नको. वर्ध्याजवळ सेवाग्रामला 1936 पासून माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंच्या कुट्या उभ्या आहेत, गावच्या कारागिरांनी बांधलेल्या. वर्ध्याच्याच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने, जे देवेंद्रकुमार यांनी 1976 मध्ये सुरू केले, कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या निमुळत्या पेल्यांची छपरे तयार केली. एक पेला दुसऱ्यात बसवत कमान उभी राहते आणि वरून गिलावा करतात. लाकूड, लोखंड लागत नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबू तीन-चार वर्षांचा, पावसाळ्यानंतर तोडलेला आणि बोरिक ॲसिड-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवलेला असला तर कीड लागत नाही, हे तिथल्या कामाचे पायाभूत सूत्र.

पीएम विश्वकर्मा योजनेतही राजमिस्त्रीचा समावेश आहे : 5 ते 7 दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये आणि अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत. पण ती आधीच हा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. शून्यापासून सुरुवात करणाऱ्याने घरकुलावरचे 45 दिवसच धरावेत.

आणि घरातल्या बाईला त्यात पाठवावे. रेजा म्हणून बायका वर्षानुवर्षे विटा आणि मसाल्याची घमेली वाहतात, मसाल्याचे प्रमाण त्यांना मिस्त्रीइतकेच कळते, मात्र थापी त्यांच्या हाती कोणी देत नाही. घरकुलाच्या कागदावर नाव बहुधा तिचेच किंवा दोघांचे असते. ओळंबाही तिने धरला तर मजुरीत पडणारा फरक घरातच राहतो.

नाव नोंदवायचे तर धान घरात आल्यावर, दिवाळीनंतर. तेव्हा हात मोकळे असतात, बोड्या-तलावांत पाणी असते आणि ऊन सौम्य असल्याने ओल टिकते. एप्रिल-मेवर ढकलले तर भिंतीला पाणी मारता मारता विहीर आटते. चौकशी पंचायत समितीच्या घरकुल विभागात करावी.