चौकोनी वही

आत्याचा चेहरा आठवायला गेलं की आधी तिचा भांग आठवतो. मधोमध, सरळ, आणि वर्षागणिक पांढरा होत गेलेला. तिचा कॅमेरा डोळ्याला लावायचा नव्हताच. तो पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. त्यामुळे फोटोसाठी तिच्यासमोर जो उभा राही, त्याला तिचं डोकं दिसे, तोंड नाही. आमच्या घरातली दोन पिढ्यांची पोरं त्या भांगाकडे बघत, हसू दाबत, उभी राहिलेली आहेत.

कॅमेरा होता याशिका मॅट १२४ जी. एकावर एक दोन भिंगं. वरचं बघायचं, खालचं फोटो काढायचं. आत्या वाईला एका शाळेत चित्रकला शिकवायची. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या मुलांच्या जादा तासांचे पैसे साठवून तिनं मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारातून तो जुना कॅमेरा आणला. त्याआधी तिच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता, सगळ्यांकडे असायचा तसा. आजोबा म्हणाले, "एवढ्या पैशात तोळाभर सोनं आलं असतं." आत्या म्हणाली, "आलं असतं की." एवढंच. लग्नाचा विषयही घरात असाच दोन वाक्यांत संपवला होता म्हणे तिनं.

या कॅमेऱ्याला लागणारा रोल म्हणजे १२० नंबरचा. कोडॅकनं तो १९०१ साली ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला आणि अजून तो बनतो आहे. त्याला पस्तीस मिलिमीटरसारखी डबी नसते. लाकडाच्या, पुढे प्लास्टिकच्या रिळावर फिल्म आणि तिच्या पाठीला काळा कागद, बस्स. सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौकोनात फोटो घ्यायचे तर एका रोलवर बारा येतात. तेरावा नाही. रोल संपला की कॅमेरा उघडून कागदाचं शेपूट आत दुमडायचं, त्याची डिंकाची पट्टी जिभेनं ओली करायची आणि गुंडाळून चिकटवायची. ही पट्टी चाटायचं काम आम्हा पोरांचं. त्या डिंकाची कडसर चव मला आजही लागते, आणि तिच्याबरोबर आत्याचं "थुंकी कमी लाव गं, फिल्म आहे ती" हेही ऐकू येतं.

बारा फोटो म्हटले की लोक लगेच काटकसरीचं कौतुक करतात. मला त्यात फारसा रस नाही. मोबाइलवर रोज शंभर फोटो काढणाऱ्यांतही चांगली नजर असलेली माणसं आहेत. आत्याच्या बाबतीत बारा हा आकडा नव्हे, त्याच्यापुढचा उशीर कामाला आला.

उशीर कशाचा, तर रोल धुण्याचा. आत्या रोल घरीच धुवायची, रात्री, न्हाणीघरात, फटींना जुनी पोती लावून. डेव्हलपरचं पाणी वीस अंशांच्या आसपास हवं. वाईला चैत्र-वैशाखात नळाचं पाणीच तिशीला टेकलेलं. गरम पाण्यात फिल्मवरचं जिलेटीन फुगतं, मऊ पडतं, कधी कडेनं सुटूनच येतं. बर्फ आणायचा तर तो बाजारातून घरी येईस्तोवर अर्धा. म्हणून आत्यानं ठरवून टाकलं की उन्हाळ्यातले रोल दिवाळीनंतर धुवायचे. घाटावर थंडी पडली की आमच्या न्हाणीघरात हायपोचा वास सुटायचा आणि सकाळी अंगणातल्या दोरीवर परकर-पोलक्यांच्या शेजारी चिमट्याला रोल लटकत असायचे, खाली वजनाला दुसरा चिमटा.

म्हणजे फोटो काढला रामनवमीला आणि दिसला कार्तिकात. मधल्या सहा-सात महिन्यांचं काय करायचं? आत्या चित्रकलेची बाई. तिनं वही घातली. आडव्या पानावर पेन्सिलीनं बारा चौकोन आखलेले. फोटो काढून घरी आलं की त्याच संध्याकाळी, जे काढलं ते आठवून चौकोनात रेखाटायचं. खाली छिद्र किती, वेग किती, ऊन कसं होतं. आणि रोल धुतला की निगेटिव्ह खिडकीच्या काचेला लावून वहीशेजारी ताडून बघायचं.

यात एक गंमत होती. त्या कॅमेऱ्याच्या काचेत चित्र सुलट दिसतं, पण डावं-उजवं उलटं. माणूस डावीकडे चालला की काचेत उजवीकडे जातो. आम्ही पोरं कॅमेरा हाती मिळाला की हमखास भलतीकडे वळवायचो आणि समोरचा चौकटीतून निसटायचा. आत्याला जे आठवायचं ते काचेतलं, म्हणजे उलटं. वहीतली चित्रंही उलटी. त्यामुळे ताडून बघताना ती निगेटिव्ह मुद्दाम पालथी धरायची. पालथी धरली की दोन्ही जुळायची. रोजचा घाट, रोजचं देऊळ, रोजची गल्ली; पण काचेत ती अशी अदलाबदल होऊन यायची की ओळखीची राहायची नाहीत. "माहीत असलेलं दिसत नाही," ती म्हणायची, "ते अगोदरच माहीत असतं ना."

एक पान मला पाठ आहे. ढोल्या गणपतीच्या घाटावर एक बाई धुणं आपटते आहे. वहीतल्या चौकोनात फक्त एक हात, खांद्यापासून वर उचललेला, पिळलेल्या लुगड्यासकट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. निगेटिव्हमध्ये मात्र देवळाची भिंत अर्ध्याहून जास्त आणि बाई खाली कोपऱ्यात, नखाएवढी. आत्या बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बघ, मी हात बघितला आणि देऊळ काढलं." पुढच्या रोलवर देऊळ नाही. नुसते हात आहेत: रहाटाचे, जात्याचे, कोंडा पाखडणारे, शाळेच्या शिपायाचा घंटेवर उगारलेला. त्यातले दोन मी मोठे करून घेतले आहेत. ते बघून पाहुणे विचारतात की हे कुणा मोठ्या फोटोग्राफरचे का. घाटावरचा तो फोटो ताबडतोब दिसला असता तर तिनं तिथंच दोन पावलं पुढं जाऊन पुन्हा काढला असता, आणि एक बरा फोटो मिळाला असता. हातांचा रोल झाला नसता.

बारातला एक फोटो माझा असे. कुठला, ते मी ठरवायचं, पण मागाहून बदलून मिळणार नाही. एका फाल्गुनात मी हळद शिजवतात तिथं गेले. वाईकडे हळदीची शेतं भरपूर, आणि शिजवताना त्या कढयांवरून अशी वाफ उठते की पलीकडचं काही दिसू नये. मी वाफेचा फोटो काढला. वहीतल्या माझ्या चौकोनात सगळी वाफच, पेन्सिल आडवी घासून केलेली. कार्तिकात निगेटिव्ह आली तर वाफेच्या फटीतून एक म्हातारा सरळ माझ्याकडे बघत होता, तोंडावर पदराएवढा पंचा धरून. तो तिथं होता हे मला ठाऊकच नव्हतं. आत्या म्हणाली, "तू त्याला नाही बघितलं, त्यानं तुला बघितलं." पुढच्या वर्षी त्याला प्रिंट द्यायला गेले तेव्हा तो नव्हता. त्याच्या सुनेनं ती दोन्ही हातांनी घेतली, पुसली, आणि देवळीत ठेवली. फोटोवर उरलेली वाफ तिला धूळ वाटली असावी.

आत्याला काचबिंदू झाला हे कळलं तेव्हा बराच उशीर झाला होता. त्या रोगात कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत टिकते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. ती दारांच्या चौकटींना खांदा आपटू लागली, पायरी चुकू लागली. डॉक्टरांनी थेंब दिले. गेलेली नजर त्यानं येत नाही. पण कॅमेऱ्याची काच सहा सेंटिमीटरची, ती उरलेल्या नजरेत अख्खी मावायची. रस्ता दिसेना आणि चौकोन दिसतोय, असं काही वर्षं चाललं. मग काचेतही धूसर होऊ लागलं. झाकणातलं छोटं भिंग वर करूनही केस नि पापण्या धारदार झाल्या की नाही, ते तिला ठरवता येईना.

तेव्हा तिनं सुतळी केली. कॅमेऱ्याच्या बाजूच्या चाकावर अंतराचे आकडे असतात. त्या हिशेबानं सुतळीला चार, सहा आणि नऊ फुटांवर गाठी. एक टोक कॅमेऱ्याला बांधलेलं, दुसरं समोरच्यानं हनुवटीला टेकवायचं. ताण बसला की कुठली गाठ आहे ते बोटानं चाचपून ती चाक फिरवी आणि म्हणे, "सोड आता. हलू नको." उजेडाचं तर तिला मीटर कधीच लागलं नव्हतं. कॅमेऱ्यातलं मीटर पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचं, ती बॅटरीच बाजारातून गेली. लख्ख ऊन, एकशेपंचवीसचा रोल, छिद्र सोळा, वेग एकशेपंचविसावा. ढग आला की एकेक घर मागे. हातावर ऊन घेऊन सांगायची.

सुतळीचे फोटो तिच्या सगळ्या फोटोंत वेगळे आहेत. माणसं एरवी फोटोसाठी ताठ होतात. इथं प्रत्येकाला काहीतरी काम होतं. दोरी धरायची, ताणायची, सोडायची. सोडल्यानंतरच्या क्षणाचे ते चेहरे आहेत, किंचित गोंधळलेले, आता हाताचं काय करावं असे. माझ्या वडिलांचा एकमेव खरा वाटणारा फोटो त्यातला आहे.

तिच्या टेबलाच्या काचेखाली होमाई व्यारावाला यांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो होता. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जे. जे.त शिकलेल्या, रोलायफ्लेक्स वापरणाऱ्या. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, फोटोग्राफरांच्या वागण्यातली अदब गेली म्हणून. आत्याला त्यांच्या फोटोंपेक्षा हे सोडणं जास्त आवडायचं. अलीकडे मला कुणी कुणी शिकागोच्या व्हिव्हियन मायरची आठवण करून देतात. तीही एकटी, तीही दोन भिंगांचा कॅमेरा पोटाशी धरून फिरणारी. मला ती तुलना पटत नाही. मायरचे शेकडो रोल न धुताच राहिले. आत्यानं एक रोल न धुता ठेवला नाही, आणि गावातल्या ज्याचा फोटो काढला त्याला प्रिंट दिली नाही असं झालं नाही.

मग रोल मिळेनासे झाले. पूर्व जर्मनीचा ओर्वो गेला. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, १९६० साली निघालेला. त्याचा 'इंदू' रोल स्वस्त आणि आत्याच्या आवडीचा. तोही कारखाना आजारी पडून बंद झाला. परदेशी रोल मुंबईत मिळत, पण मास्तरकीच्या पेन्शनीतून एक घ्यायचा तर महिन्याचं दूध मोजावं लागे. आम्ही आणून देत होतो. तिनं एकदा सरळ सांगितलं, "नका आणू. दिसत नाही म्हणून तुम्ही आणताय, ते मला कळतं."

आत्या श्रावणात गेली. पाऊस होता, माणसं बेताची होती. तिच्या मागं उरलेलं सामान एका खोलीत मावलं आणि त्यातलं बहुतेक आम्ही वाटून टाकलं. वह्या माझ्याकडे आल्या. त्या वेळी सगळ्या बघवल्या नाहीत. निगेटिव्हची पाकिटं आणि वह्या जुळवत बसले ते पुढच्या थंडीत. प्रत्येक पानाला एक पाकीट. शेवटच्या वहीपाशी आले तर पाकिटं संपली आणि पानं संपेनात. बारा चौकोन, पुन्हा बारा, पुन्हा बारा. छिद्र, वेग, ऊन, सगळं लिहिलेलं. तारखा रोल बंद झाल्यानंतरच्या. शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "रोज संध्याकाळी कॅमेरा गळ्यात घालून घाटावर जायची की. आम्हाला सुतळी धरायला लावायची." रोल नव्हता हे त्यांना माहीत नव्हतं. माझे फोटो कधी मिळणार, असं त्यांनी मला विचारलंसुद्धा.

त्या शेवटच्या वहीतली रेखाटनं मोठी होत गेली आहेत. रेघा चौकोनाबाहेर जातात, एकमेकींवर चढतात. तिला कड दिसत नव्हती. पण काकूंचं नाक काकूंचंच आहे. ताडून बघायला निगेटिव्ह नाही, तेव्हा बरोबर-चूक कोण ठरवणार? मी ते पान फाडून काकूंना देणार होते. दिलं नाही. एका कलावंत मित्राकडून त्याची प्रत करून घेतली आणि ती दिली. त्यांना ती आवडली नाही. "मी एवढी म्हातारी दिसते?" म्हणाल्या.

कॅमेरा आता मी वापरते. कमी वेग थंडीत अडकतो, बाकी ठीक आहे. वहीही घातली आहे. आत्यासारखं सहा महिने थांबणं मला जमत नाही. पण महिनाभर थांबते आणि चित्र काढल्याशिवाय रोल धुवायला टाकत नाही. चित्र वाईट येतं. मुद्दा चित्र चांगलं येण्याचा नसतोच. कुठला कोपरा आठवत नाही ते बघायचं असतं, कारण पुढच्या खेपेला तिथंच जायचं असतं.

एक विनंती करते आणि थांबते. तुमच्या माळ्यावर जुन्या चौकोनी निगेटिव्ह असतील तर त्या आधी खाली काढा. पत्र्याखालची उष्णता आणि पावसाळी दमट हवा या दोन्हींनी त्या मरतात. प्लास्टिकच्या पिशवीत असतील तर कागदी पाकिटात घाला. शिरक्यासारखा आंबट वास येत असेल तर फिल्मचा पायाच सडू लागला आहे असं समजा; त्या वेगळ्या काढून लगेच स्कॅन करून घ्या. आणि फोटोत कोण आहे हे सांगणारं माणूस घरात अजून असेल तर त्याला आजच विचारा, आणि नाव पाकिटावर लिहा. पेन्सिलीनं लिहा, शाई उतरते.