बोईसरहून, जर्मनीला निघालेल्या लेकीस

पालघर, मंगळवार

चि. सोनूस,


सुखरूप पोचले. विरारला डहाणू लोकल मिळाली. २०१३ साली ही लोकल डहाणू रोडपर्यंत सुरू झाली, तेव्हापासून मामाकडे येणं खूप सोपं झालंय. भाताची लावणी उरकली आहे, सफाळ्यापासून पुढे दोन्ही बाजूंना खाचरं हिरवीगार. डब्यात शेजारी सातपाटीची एक तरुण मुलगी बसली होती. तिचा नवरा तेलवाहू जहाजावर आहे. जहाज बंदराला लागलं की फोनला रेंज येते, आणि तेवढ्या वेळात घरी बोलायचं की बँकेशी, हे ठरवावं लागतं. मधे घराच्या कर्जाचा हप्ता अडकला, तेव्हा तो सगळा वेळ बँकेच्या फोनवर ताटकळला आणि लेकराचा आवाज ऐकायचा राहून गेला. सांगताना तिचे डोळे भरून आले. मला तूच दिसायला लागलीस.

बोईसर दोन स्टेशनं पुढे, पण मामीने मला पालघरलाच उतरवून घेतलं. तुझ्या मस्कतच्या दादाचं खातं इथल्या शाखेत आहे. त्याने न केलेली खरेदी त्याच्या कार्डावर पडलीय, म्हणून मामी सकाळीच आली होती. शाखेतली माणसं नीट बोलली, पण खातेदाराने स्वतः फोन करायला हवा, असं त्यांनी सांगितलं. आई असली तरी दुसऱ्याच्या खात्याबद्दल तिला काही सांगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तरी मामीचा चेहरा उतरला. बाकी रात्री लिहीन.

बोईसर, मंगळवार रात्र

हे पत्र लांबेल, पण सगळं वाच. तुझ्या कामाचं आहे.

दादाचं भारतातलं सिमकार्ड मामीच्या कपाटात, एका जुन्या फोनमध्ये आहे. मस्कतला गेल्यावर त्याने तिकडचा नंबर घेतला, आणि बँकेचे मेसेज घरात कुणीतरी पाहील म्हणून इकडचा नंबर इथेच ठेवला. मामी म्हणते, ज्यांची मुलं आखातात आहेत अशा शेजारच्या घरांतही हीच व्यवस्था आहे. शनिवारी खरेदीचा मेसेज आला तेव्हा फोनचं चार्जिंग संपलेलं. सोमवारी रात्री तो चार्जिंगला लावला, तेव्हा कळलं.

घाई कशासाठी, ते सांगते. रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आहे. आपला हलगर्जीपणा नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि मेसेज मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत आपण बँकेला कळवलं, तर भुर्दंड आपल्यावर पडत नाही. चार ते सात दिवस लागले तर काही रक्कम आपल्या माथी येते. त्याहून उशीर झाला तर बँकेचं धोरण असेल तसं. मेसेज कपाटात न वाचता पडून राहिला, म्हणून दिवस मोजायचे कुणी थांबत नाही.

रात्री साडेनऊला, म्हणजे मस्कतच्या आठ वाजता, दादाने फोन लावला. कार्डामागचा नंबर १८००चा. तो भारतात फुकट लागतो. ओमानमधून घंटाही वाजली नाही. परदेशातून लावायचा नंबर वेगळा असतो, अधिक ९१ने सुरू होणारा आणि पैसे पडणारा. तो त्याने बँकेच्या साइटवरून शोधला. मग यंत्राचा आवाज, भाषा निवडा, खाते क्रमांक दाबा, कार्डाचे शेवटचे चार आकडे दाबा, आणि वाट पाहा. वाट पाहता पाहता त्याचा बॅलन्स संपला आणि फोन तुटला. रिचार्ज करून पुन्हा पहिल्यापासून. इकडे मामी दुसऱ्या फोनवर त्याच्याशी जोडलेली, कपाटातला फोन मांडीवर घेऊन बसलेली.

अखेर माणूस बोलला. त्याने जन्मतारीख विचारली, पत्ता, शेवटचा व्यवहार, आणि आईचं माहेरचं आडनाव. मामी दचकलीच. तिचं माहेर वाणगाव, अख्ख्या गावाला ते आडनाव ठाऊक. ओळख पटवायला जे विचारतात ते आपल्याकडे लग्नपत्रिकेत छापलेलं असतं.

दादा ओमानच्या नंबरवरून बोलत होता आणि बँकेच्या दप्तरी तो नंबर नाही, म्हणून कोड आला मामीच्या मांडीवरच्या फोनवर. तिने चष्मा लावून सहा आकडे वाचले, त्याने ते तिकडे दाबले. कार्ड बंद झालं, तक्रार क्रमांक मिळाला, देवाची कृपा.

पण बँक आणि पोलीस घसा फोडून सांगतात की ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका. या घरात वर्षानुवर्षं तेच चाललंय. उद्या कुणी घाबऱ्याघुबऱ्या आवाजात ‘आई, लवकर आकडे सांग’ म्हटलं, तर मामी थांबेल का? आणि आपणच आकडे सांगून पैसे गेले, तर तीन दिवसांच्या नियमाचा आधारही राहत नाही. मला झोप येत नाहीये ती यामुळेच.

तुझं सिम माझ्याकडे ठेवायचं आपलं ठरलं होतं. ते माझ्याकडे नको. तू बरोबर ने.

चिंचणी, गुरुवार

मामाने किनाऱ्यावर आणलंय. सुरूच्या बनात बसून लिहितेय, वारा फार आहे.

मामा तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल बोलत होता. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने बांधलेल्या दोन अणुभट्ट्या इथे १९६९मध्ये सुरू झाल्या, तेव्हा तिकडचे इंजिनियर इथे राहून काम करत. त्या काळी परदेशी फोन म्हणजे ऑपरेटरकडे नोंद करून बसायचं, बँकेची कामं पत्राने व्हायची. बँक सही ओळखायची आणि सही माणसाबरोबर कुठेही जायची. आता बँक मोबाइल नंबर ओळखते, म्हणून तोही तुझ्याबरोबर गेला पाहिजे.

तुझ्या फोनमध्ये दोन सिम बसतात, इकडचं त्यातच राहू दे. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घे आणि रिचार्ज संपू देऊ नकोस. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्याला मिळतो. यूपीआयसाठी परदेशी नंबर चालतील अशी सोय २०२३मध्ये जाहीर झाली, ती पहिल्यांदा दहा देशांसाठी होती. त्यांत ओमान होता, जर्मनी नव्हता. दादाला शाखेत विचारायला सांगितलंय. तुला मात्र इकडच्याच नंबरवर विसंबावं लागेल.

शिकायला जाणाऱ्यांनाही रिझर्व्ह बँक २००३पासून अनिवासी धरते, तेव्हा साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी खातं, करून घ्यायचं. ऑक्टोबर २०२०पासून नवीन कार्डांवर परदेशातला वापर मुळात बंद असतो, तो आपण सुरू करायचा. परदेशातून लावायचा बँकेचा नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरात ठेव. फोनच चोरीला गेला तर त्यात साठवलेला नंबर काय कामाचा? कार्ड बंद करण्यासाठी बँकेचा हा नंबर चोवीस तास सुरू असतो. शाखेशी बोलायचं असेल तर मात्र लवकर उठावं लागेल: इथे दहा वाजतात तेव्हा तुझ्याकडे साडेसहा, आणि ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे गेली की साडेपाच.

बाबांना सांग, सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून तुझ्याबरोबर शाखेत यायला. पासपोर्ट, व्हिसा, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, फोटो, सगळ्याच्या प्रती न्या. माझ्यासाठी थांबू नका. आणि ओळखीचा प्रश्न आपला आपण निवडता येत असेल, तर माझं माहेरचं आडनाव देऊ नकोस, दुसरं काहीतरी निवड.

तुझी,
आई